पत्ता तोच, रकाने वेगळे

पत्र

नमस्कार मॅडम,

मी नाशिक जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी एका बँकेत अधिकारी आहे. वय 29. आमच्या शाखेतून परदेशी पैसे जातात-येतात, त्यामुळे द्राक्षांचे निर्यातदार आणि मुलं बाहेर शिकायला गेलेले पालक हे माझे नेहमीचे ग्राहक. येत्या नोव्हेंबरपासून परदेशी रेमिटन्समध्ये पत्ता जुन्या पद्धतीने चालणार नाही, गाव आणि देश वेगळ्या रकान्यात द्यावे लागतील, असं अकरा पानी सर्क्युलर हेड ऑफिसकडून आलंय. शेवटची ओळ: ‘ग्राहकांना अवगत करावे.’ मी ते फलकावर लावलं आणि सगळ्या खातेदारांना एसएमएस पाठवला. झालं असं, की ज्यांनी जन्मात परदेशी पैसे पाठवले नाहीत असे आजोबा पासबुक घेऊन आले, “माझी पेन्शन थांबणार का?” म्हणून. आणि ज्यांना खरंच सांगायला हवं होतं त्यांतले एक निर्यातदार काउंटरवरच भडकले: “केवायसी झालं, पॅन-आधार झालं, आता पत्ता? वडिलांपासून इथंच राहतोय आम्ही.” मॅनेजर साहेब म्हणतात, तूच बघ. नोव्हेंबरात कुणाचं पेमेंट अडकलं तर बोलणी मलाच बसणार. लोकांना हे सांगू तरी कसं?

– फॉरेक्सच्या टेबलावरची एकटी

उत्तर

अगं, एकेरीत लिहितेय, चालवून घे. माझी लेक तुझ्याहून मोठी आहे, आणि ज्या टेबलावर तू बसतेस तसल्याच टेबलावर माझी बावीस वर्षं गेली.

आधी त्या आजोबांना सांग, पेन्शनचा याच्याशी काही संबंध नाही. एनईएफटी, आरटीजीएस, यूपीआय यांना हा बदल लागू नाही. आपला आरटीजीएस तर 2013 पासून या नव्या पद्धतीच्या निरोपांवरच (बँका पैशांसाठी एकमेकींना पाठवतात त्या संदेशांवरच) चालतोय, कुणाला पत्ताही लागला नाही. देशातल्या देशात पैसे पाठवताना अलीकडे जे नवीन आलं ते म्हणजे एप्रिल 2025 पासून एनईएफटी-आरटीजीएस करण्याआधी समोरच्याच्या खात्यावरचं नाव दिसतं, तेवढंच. ते तर लोकांना आवडलंय.

सगळ्या खातेदारांना एसएमएस पाठवलास, ही पहिली चूक. रागावत नाहीये, मीही हेच केलं असतं. वरून कागद आला की तो खाली ढकलून मोकळं व्हायचं ही आपल्या खात्याची जुनी सवय. पण हजारो लोकांना घाबरवून शे-दीडशे लोकांपर्यंत पोचायचं, हा उलटा व्यवहार झाला.

आता मुळात बदल काय आहे ते तुझ्याच डोक्यात नीट बसू दे, म्हणजे दुसऱ्याला दोन वाक्यांत सांगता येईल. मी नोकरीला लागले तेव्हा परदेशी पैसे टेलेक्सने जायचे. आजही तुमच्या दराच्या कागदावर ‘टीटी सेलिंग’ असंच छापलेलं असतं ना? टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर. तार गेली, टेलेक्स गेला, शब्द राहिला. भारतातल्या बँका 1991 मध्ये स्विफ्टवर, म्हणजे जगभरच्या बँकांचे निरोप नेणाऱ्या जाळ्यावर, आल्या. त्या निरोपात पैसे पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता मिळून चार ओळी, एकेका ओळीत 35 अक्षरं. त्या चार ओळींत जे मावेल ते कोंबायचं. गाव तिसऱ्या ओळीत आहे की चौथ्या, देश लिहिलाय की नाही, कुणी विचारायचं नाही. वाचणारा माणूस होता, त्याला कळायचं.

आता वाचणारं यंत्र आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये बँकांमधले पेमेंटचे जुने निरोप बंद झाले आणि नव्या पद्धतीत प्रत्येक गोष्टीला स्वतःचा रकाना आला: रस्ता, इमारत, पिन, गाव, जिल्हा, राज्य, देश. सवलत म्हणून आणखी वर्षभर सगळा पत्ता ओळींत ओतायला परवानगी होती, ती या नोव्हेंबरच्या मध्यावर संपते. सगळे रकाने भरायची सक्ती नाही. सक्ती दोनच रकान्यांची: गाव आणि देश. देशही दोन अक्षरी कोडने, भारताचा आयएन, जर्मनीचा डीई. बाकीचं ‘मंदिरामागे, स्टँडसमोर’ प्रकरण 70 अक्षरांच्या दोन ओळींत पूर्वीसारखं लिहिता येतं. फक्त रकान्यात लिहिलेलं गाव त्या ओळींत पुन्हा लिहायचं नाही. अकरा पानांतलं ग्राहकाच्या कामाचं एवढंच. बाकीची पानं तुझ्या आयटीवाल्यांसाठी आहेत.

“पण का?” असं विचारणारा एक तरी भेटेलच, आणि त्याला ‘हेड ऑफिसचा नियम आहे’ म्हणून वाटेला लावू नकोस. परदेशातली प्रत्येक बँक आलेला निरोप बंदी असलेल्या देशांच्या आणि माणसांच्या यादीशी ताडून पाहते. यंत्राला पत्त्यातला कुठला शब्द गावाचा, कुठला आडनावाचा हे कळत नाही. कांदिवलीत इराणी वाडी आहे. वेलिंग्टनमध्ये क्यूबा स्ट्रीट नावाचा चांगला गजबजलेला रस्ता आहे. अमेरिकेत लेबनॉन नावाची गावं आहेत. हैदराबाद आपल्याकडे आहे तसं सिंधमध्येही आहे. असा शब्द दिसला की पेमेंट बाजूला काढून ठेवतात, मग कुणीतरी माणूस येऊन बघतो, तोवर शनिवार-रविवार जातो. देशाच्या रकान्यात देश असला की यंत्राला इराणी वाडीतून इराणला जायची गरज पडत नाही.

यातलं एक माझ्या अंगावर आलेलं सांगते. 2008 सालची गोष्ट. एका गृहस्थांना मुलाला डॉलर पाठवायचे होते. त्यांनी पत्ता वहीच्या पानावर लिहून आणला होता, मी तो जसाच्या तसा टाकला: घर नंबर, रस्ता, सॅन होजे. बस. दोन दिवसांनी मधल्या बँकेकडून विचारणा: कुठलं सॅन होजे? मला हसू आलं, कॅलिफोर्नियाचंच असणार, मुलगा कॉम्प्युटरवाला. पण सॅन होजे ही कोस्टा रिकाची राजधानीही आहे, हे मला त्या दिवशी कळलं. उत्तर पाठवलं, त्यांनी पुन्हा काही विचारलं, पुन्हा उत्तर. सहा दिवस गेले. ते गृहस्थ रोज अकराला यायचे, माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर बसायचे, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डबा. रागावले एकदाही नाहीत. “आज?” एवढंच विचारायचे. ओरडले असते तर बरं वाटलं असतं गं. एक शब्द लिहायचा राहिला होता, आणि तो लिहून घेणं माझं काम होतं.

तर सांगायचं कुणाला? सीबीएसमधून, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीतून, मागच्या तेरा महिन्यांची आउटवर्ड आणि इनवर्डची, म्हणजे बाहेर गेलेल्या आणि बाहेरून आलेल्या पैशांची, यादी काढ. तेरा यासाठी, की वर्षातून एकदाच फी भरणारा पालक आणि हंगामात एकदाच पैसे येणारा बागायतदार बारा महिन्यांच्या काठावरून निसटतो. तालुक्याच्या शाखेत ही नावं शे-दीडशेच्या वर नसावीत. ती वहीत उतरव. हो, वहीत. एक्सेलही कर, पण वही टेबलावर उघडी ठेव, माणूस समोर आला की बोट ठेवता येतं.

या यादीत दोन जाती आहेत आणि सर्क्युलर लिहिणाऱ्याने त्या एकत्र केल्या असणार. पैसे पाठवणारे वेगळे आणि पैसे येणारे वेगळे. पाठवणाऱ्यांचं सोपं आहे, कारण फॉर्म तुझ्या हातात आहे. ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा अर्ज, भरताना तूच गाव आणि देश विचारशील, आणि नाही विचारलंस तर तुझी सिस्टीमच निरोप पुढे जाऊ देणार नाही. पैसे निदान इथंच राहतील.

खरी अडचण येणाऱ्यांची आहे. तुमच्या त्या भडकलेल्या निर्यातदाराचा पत्ता तुमच्या बँकेत अगदी झकास असला तरी उपयोग काय? रॉटरडॅमच्या खरेदीदाराचा कारकून पैसे पाठवताना तुमची सिस्टीम उघडत नाही. तो समोरचं इन्व्हॉइस बघतो आणि लेटरहेडवर जे छापलंय ते त्याच्या बँकेच्या स्क्रीनवर उतरवतो. म्हणजे निर्यातदाराचा पत्ता दुरुस्त करायची जागा बँकेत नाही, त्याच्या लेटरहेडवर आहे. हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तू त्याला म्हणालीस ‘पत्ता अपडेट करा’, त्याने ऐकलं ‘पुन्हा केवायसी’. भडकणारच.

त्याला बोलव, नाहीतर सरळ त्याच्या पॅकहाउसवर जा. द्राक्षवाला जानेवारी ते एप्रिल बोलायच्या मनःस्थितीत नसतो, आत्ता असतो. जाताना त्याचंच एक जुनं इन्व्हॉइस बरोबर ने. त्यावर साधारण असं काहीतरी असेल (हा पत्ता मी मनाने रचलाय):

गट नं. 412, चिंचखेड रोड, हनुमान मंदिरामागे, मु. पो. पिंपळगाव बसवंत, ता. निफाड, जि. नाशिक – 422209

आपल्याला वाचताना काही खटकत नाही. पोस्टमन डोळे मिटून पोचवेल. पण त्या डच कारकुनाच्या जागी बसून बघ. ‘मु. पो.’ हे गावाचं नाव आहे का? निफाड शहर, की नाशिक, की पिंपळगाव? मंदिराचं काय करायचं? आणि देश तर कुठेच नाही! आपण आपल्या पत्त्यात भारत लिहीत नाही, कारण आपण भारतातच असतो. तो बिचारा गाव म्हणून निफाड टाकेल, देश अंदाजाने, आणि उरलेलं दोन ओळींत.

मग त्याच्यासमोर कागद घे आणि लिहून दे. गाव: पिंपळगाव बसवंत. जिल्हा: नाशिक. राज्य: महाराष्ट्र. पिन: 422209. देश: भारत, आयएन. उरलेल्या ओळीत: गट नंबर 412, चिंचखेड रोड, निफाड तालुका. मंदिर गाळलं तरी हरकत नाही, पैसे टपालाने येत नाहीत. हे सगळं इंग्रजीत, ठळक, इन्व्हॉइसवर बँक तपशिलाच्या अगदी खाली, स्विफ्ट कोड आणि खाते क्रमांकाच्या शेजारी. लेटरहेड नव्याने छापायची गरज नाही. बहुतेकांची इन्व्हॉइसं आता टॅलीतून नाहीतर एक्सेलमधूनच निघतात, तिथे चार ओळी वाढवल्या की झालं. फर्मचं नावही बघून घे. खातं फर्मच्या नावावर आणि इन्व्हॉइसवर मालकाचं नाव, असा घोळ अर्ध्या लोकांचा असतो.

वस्तीवर राहणाऱ्यांचं विचारशील म्हणून सांगते. गाव म्हणजे केवायसीच्या कागदावर जे महसुली किंवा पोस्टाचं गाव आहे ते. वस्तीचं नाव ओळीत. मुंबईकरांचं उलट असतं, त्यांना कांदिवली, मुलुंड हेच गाव वाटतं. गाव मुंबई, कांदिवली खाली. आणि नावं बदललेली शहरं आहेत, त्यांचा वाद काउंटरवर ओढवून घेऊ नकोस. छत्रपती संभाजीनगर इंग्रजीत 25 अक्षरांचं आहे, गावाच्या रकान्यात 35 मावतात, त्यामुळे ‘नाव मोठं आहे’ ही सबब चालणार नाही. बँकेच्या नोंदीत जे आहे तेच इन्व्हॉइसवर, आणि दोन्हीकडे स्पेलिंग एक.

(मला यात गंमत वाटते ती वेगळीच. एकसारख्या नावाची गावं आणि यंत्राला न कळणारा पत्ता, हा घोळ आपण एकदा निस्तरलेला आहे. वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती आहेत ते टपाल खात्याला विचार. 15 ऑगस्ट 1972 ला पिन कोड आला तो त्यासाठीच, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी होते, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्या वेळीही लोक म्हणाले असतील, वडिलांपासून इथंच राहतोय, आता हे सहा आकडे कशाला?)

पालकांकडे वळू. त्यांच्याशी बोलताना पत्त्याची गोष्ट सगळ्यांत शेवटी काढ, कारण ते आधीच धास्तावलेले असतात. मुलगी जर्मनीला निघालीय, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्याखाण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं तिकडचं खातं) 11,904 युरो भरायचेत, व्हिसाची तारीख अंगावर आलीय, आणि टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर, किती कापणार हा प्रश्न जिभेवर आहे. आधी त्याचं उत्तर दे: आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत काही नाही, ही मर्यादा एप्रिल 2025 पासून सातची दहा झाली, मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून जात असतील तर त्यावरही नाही. एवढं ऐकलं की त्यांचे खांदे खाली येतात. मग पत्ता.

इथे एक खोच आहे, ती तुझ्या सर्क्युलरमध्ये असेल तर उत्तमच. देशाचा रकाना भरताना बँकेचा देश नाही लिहायचा. ज्याच्या नावावर पैसे जातात त्याच्या पत्त्याचा देश लिहायचा. फी असेल तर विद्यापीठाचा पत्ता, गाव आणि देश तिकडचे. पण ब्लॉक्ड अकाउंट मुलीच्या स्वतःच्या नावावर असतं, आणि मुलगी अजून नाशिक रोडला आईच्या हातची पोळी खातेय. तिचा पत्ता भारतातला, बँक जर्मनीतली. घाईत कुणीही ‘जर्मनी’ लिहून मोकळं होईल आणि मग गाव नाशिक, देश जर्मनी अशी चमत्कारिक जोडी जाईल. खातं देणाऱ्या कंपनीने पाठवलेला कागद माग, त्यावर जो पत्ता तोच टाक, आणि त्यांचा रेफरन्स नंबर एका अंकानेही चुकवू नकोस.

जाता जाता खर्चाचंही सांग, याचा पत्त्याशी संबंध नाही पण तक्रारी इथूनच येतात. मधल्या बँकेने पंधरा-वीस युरो वाटेत कापले तर 11,904 चे 11,884 होतात आणि पोरीचं काम अडतं. ओयूआर, म्हणजे सगळे खर्च पाठवणाऱ्याकडे, हा पर्याय घ्यायला सांग, आणि तरी थोडे जास्तच पाठवायला सांग.

आता काउंटरवरचं बोलणं. तू मला लिहिलंस तो ‘अवगत’ आणि त्याच्यासारखेच ‘अनिवार्य’, ‘अन्यथा’ असे शब्द सर्क्युलरमध्ये असणार. ते सर्क्युलरमध्येच राहू देत. माणूस समोर आला की पहिलं वाक्य असं असू दे: “काका, तुमचा पत्ता बरोबर आहे.” हे आधी. लोक भडकतात ते पत्ता मागितला म्हणून नाही. आपण चुकलोय असं सुचवलं म्हणून भडकतात. मग: “फक्त तो सलग लिहिलाय, आता तुकडे करून लिहायचाय. गाव वेगळं, देश वेगळा. बसा दोन मिनिटं, मीच लिहिते, तुम्ही वाचून सही करा.” फॉर्म हातात देऊन घरी पाठवू नकोस. घरी गेलेला फॉर्म देव्हाऱ्यामागे जातो, तिथे लाइट बिलं आणि लग्नपत्रिका असतात. तो दिवाळीच्या साफसफाईत सापडेल.

आणि नवीन कागदपत्रं मागू नकोस. माणूस राहतो तिथंच राहतोय, फक्त मांडणी बदलतेय, तर आधार-लाइट बिलाची झेरॉक्स कशाला? बोलता बोलता कळलं की खरंच घर बदललंय, तर ती गोष्ट वेगळी, तिचे कागद वेगळे, दिवसही वेगळा ठेव. दोन्ही एका बैठकीत आणलंस की लोकांच्या लेखी ते सगळं ‘बँकेचं नवीन नाटक’ होतं.

एसएमएस पुन्हा पाठवायचाच असेल तर वहीतल्या नावांनाच, आणि मराठीत. मी लिहून देते:

‘तुम्ही परदेशी पैसे पाठवता किंवा मागवता. 14 नोव्हेंबरपासून पत्त्यात गाव आणि देश वेगळे लिहिलेले नसतील तर पैसे अडकू शकतात. पुढच्या वेळी शाखेत याल तेव्हा फॉरेक्सच्या टेबलावर दोन मिनिटं थांबा. यासाठी बँक लिंक पाठवत नाही, ओटीपी विचारत नाही.’

शेवटचं वाक्य मी सवयीने घातलेलं नाही. ‘तुमचा पत्ता नव्या नियमानुसार अपडेट करा, नाहीतर खातं बंद’ असे मेसेज पाठवायला भामट्यांना यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नाही. आणि निर्यातदारांना एक जास्तीचं तोंडी सांग, अगदी हळू आवाजात, लक्षात राहील असं. परदेशी खरेदीदाराला नवा पत्ता मेलने कळवाल तेव्हा फोनही करा, आणि त्याला सांगा की खाते क्रमांक बदललेला नाही. कारण अशा बदलांच्या काळात कुणीतरी त्यांच्यासारखाच मेल आयडी करून खरेदीदाराला लिहितं, ‘नियम बदललेत, पैसे आता या खात्यात पाठवा’, आणि कंटेनरभर द्राक्षांचे पैसे तिसऱ्याच देशात जातात. मेल आयडीत एका अक्षराचा फरक असतो. तसं काही झालंच तर तासाभराच्या आत तुला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, चर्चा नंतर.

राहिली तुझी खरी भीती, बोलणी कुणाला बसणार. खोटं कशाला बोलू, तुलाच बसणार. मॅनेजर ‘तूच बघ’ म्हणाले तेव्हाच ते ठरलं. म्हणून त्या वहीत प्रत्येक नावापुढे तारीख टाक: कधी फोन केला, कधी भेटले, इन्व्हॉइसची नवी प्रत बघितली का. जो आला नाही त्याच्यापुढे ‘दोनदा फोन, उचलला नाही’. महिन्याच्या शेवटी त्याची एक ओळ मॅनेजरना मेल कर: इतके झाले, इतके राहिले. तक्रारीचा सूर नको. ‘माहितीसाठी’ एवढंच. बँकेत कागदावर असलेलंच झालेलं असतं, हे तुला एव्हाना कळलं असेल.

आणि हेड ऑफिसला एक प्रश्न आजच पाठव, लेखी. सीबीएसमध्ये ग्राहकाच्या पत्त्याला गाव आणि देशाचे रकाने वेगळे आहेत ना, आणि तिथून परदेशी निरोपात ते वेगळेच जातात ना, की मधे कुठेतरी पुन्हा एका ओळीत चिकटतात? बऱ्याच जुन्या सिस्टीममध्ये पत्ता एक, पत्ता दोन, पत्ता तीन अशा ओळी असतात आणि तिसरीत पिन-राज्य-गाव सगळं गुण्यागोविंदाने नांदत असतं. तसं असेल तर तू कितीही मन लावून पिंपळगाव वेगळं लिहिलंस तरी बाहेर पडताना ते मंदिरामागेच जाणार. सप्टेंबरात कुणाचं तरी लहान रकमेचं खरं रेमिटन्स नव्या पद्धतीने पाठवून बघ आणि गेलेल्या निरोपाची प्रत मागवून डोळ्यांनी वाच.

तारखेचं कॅलेंडरवर बघून ठेवलंय. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी. 14 तारीख दुसरा शनिवार, म्हणजे आपली सुट्टी. बदल त्या शनिवार-रविवारात होतो आणि पहिला कामाचा दिवस उजाडतो सोमवारी 16 ला. म्हणजे तुझ्याकडे दिवाळीनंतरचा आठवडा नाहीच. अर्धी शाखा रजेवर, ग्राहक भाऊबीजेला. जे करायचं ते ऑक्टोबरअखेर संपव. आणि 16 च्या सोमवारी रजा टाकू नकोस, इतर कुठल्याही दिवशी टाक.

त्या निर्यातदारांकडे जाशील तेव्हा पहिल्यांदा मागच्या प्रसंगाबद्दल दिलगिरी वगैरे काही नको. इन्व्हॉइस पुढे ठेव आणि विचार, “यावरून त्या डच माणसाला तुमचं गाव सांगता येईल का?” गप्प होतील. मग चहा येईल.

आणि फलकावरची ती अकरा पानं काढ. तिथे बँकेच्या सुट्ट्यांची यादी लाव, ती लोक वाचतात.